किनाऱ्यावरची सहल आखताना आधी त्या समुद्राचं घड्याळ ओळखा

प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नऊ दिवस हाताशी आहेत. माणसं चार, त्यांत सत्तरी ओलांडलेले आई-वडील. क्रोएशियाचा किनारा बघायचा आहे. यादीत झाग्रेब, प्लिटवित्से, झादार, स्प्लिट, ह्वार नि कोर्चुला ही बेटं, दुब्रॉव्हनिक आणि जमलंच तर शेजारच्या मॉन्टेनेग्रोतलं कोटोर आहे. हे सगळं नऊ दिवसांत बसवायचं कसं, आणि किनाऱ्यावरची शहरं जोडत जाणारी सहल आखताना एरवीही काय पाहावं?

आधी उत्तर देतो, मग कारणं. या आठांपैकी मुक्कामाला तीनच ठेवा: स्प्लिट, कोर्चुला आणि दुब्रॉव्हनिक. स्प्लिटला उतरा आणि परतीचं विमान दुब्रॉव्हनिकहून घ्या. बाकीची या खेपेला सोडा. एका ठिकाणाबद्दल माझंही मन डळमळतं, त्याचं शेवटी सांगतो.

मी गेली वीसेक वर्षं आठ-दहा माणसांच्या गटांसाठी किनारी सहली आखतोय, बऱ्याचदा सोबतही जातो. यादीला कात्री लावली की लोक हिरमुसतात, हे मला माहीत आहे. पण मैदानातली सहल आणि किनाऱ्यावरची सहल यांचा स्वभावच वेगळा. मैदानात दोन गावांमधलं अंतर कळलं की दिवस आखता येतो. किनाऱ्यावर नुसत्या किलोमीटरवर विसंबलं की फसायला होतं. तिथे भरती-ओहोटी, वारा, धुकं, बोटींचा हंगाम, बंदराला लागणारी मोठी जहाजं यांतलं एखादं तुमच्या दिवसाचा ताबा घेतं. प्रत्येक किनाऱ्याचं असं एक मुख्य घड्याळ असतं. ते कुठलं हे ओळखायचं आणि मगच हॉटेलं नि तिकिटं बघायची.

मला हे नीट उमगलं जपानमध्ये, हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर. तिथल्या इत्सुकुशिमा देवस्थानाची लाल कमान समुद्रात उभी आहे. आत्ताची कमान १८७५ सालची, सोळा मीटरहून उंच, कापराच्या झाडाच्या प्रचंड खांबांची. खांब जमिनीत पुरलेले नाहीत, कमान स्वतःच्या वजनावर उभी आहे. आमच्या गटात एक आजी होत्या. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या कमानीचा फोटो त्यांनी घरी कपाटाच्या दाराला आतून कित्येक वर्षं चिकटवून ठेवला होता. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. कमानीखाली चिखलट वाळू, त्यात शेकडो बुटांचे ठसे, खांबांच्या बुंध्याला चिकटलेली कालवं, फटींमध्ये लोकांनी खोचलेली नाणी. आजी खांबाला हात लावून बराच वेळ उभ्या राहिल्या, पण त्यांना हवं होतं ते पाणी तिथे नव्हतं. परतीची बोट मी दुपारी तीनची धरली होती. बोटीचं वेळापत्रक पाहिलं होतं, भरतीचं पाहिलं नव्हतं. तेव्हापासून त्या बेटावर मी एक रात्र मुक्काम ठेवतोच. ओहोटीला चालत जाऊन खांबाला हात लावायचा आणि साधारण सहा तासांनी तोच खांब पाण्यात उभा असलेला पाहायचा. दोन्ही मिळून ती जागा पूर्ण होते.

भरतीचं गणित अवघड नाही. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. म्हणून आजची भरती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती-ओहोटी. महिनाभर आधी तिथी पाहिली तरी पाण्याचा एकूण नूर कळतो. नेमकी वेळ त्या त्या बंदराच्या तक्त्यात मिळते. एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी येतं. खडकांवरून फोटो काढत लांब गेलेली माणसं अडकतात ती याच वेळात, कारण आधीचा तासभर पाणी हललेलंसुद्धा वाटत नाही.

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिस्फार्न बेटाचा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो, आणि ओलांडण्याच्या सुरक्षित वेळा जाहीर केलेल्या असतात. तिथे जेवणाची वेळ, हॉटेलची वेळ, सगळं त्या तक्त्याभोवती फिरतं. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार-पाच मजली इमारतीएवढं पाणी. तिथल्या होपवेल रॉक्सच्या पायथ्याशी समुद्रतळावर चालायला मिळतं, पण ओहोटीच्या आधीचे-नंतरचे मिळून काही तासच. अशा ठिकाणी ‘सकाळी नाश्ता करून निघू’ हे वाक्य चालत नाही.

काही किनाऱ्यांचं घड्याळ ऋतूचं असतं. श्रीलंकेत नैऋत्येचा किनारा डिसेंबर ते मार्च शांत असतो, तर पूर्वेच्या त्रिंकोमालीची बाजू मे ते सप्टेंबरमध्ये. एकाच छोट्या देशाचे दोन किनारे उलट्या महिन्यांत उघडतात, आणि ‘श्रीलंकेला कधी जावं’ या प्रश्नाला एक उत्तर नसतं. मध्य व्हिएतनामचंही तसंच. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होई आनच्या जुन्या गल्ल्यांत पुराचं पाणी शिरू शकतं, आणि त्याच सुमारास दक्षिणेकडे पाऊस ओसरायला लागलेला असतो. कॅलिफोर्नियात घड्याळ धुक्याचं. तिथल्या किनाऱ्यालगत खोलातलं थंड पाणी वर येतं, त्यावरून जाणारी दमट हवा निवते आणि ऐन उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोचा पूल ढगात गुरफटतो. जुलै म्हणजे भर उन्हाळा, असं समजून गेलेले लोक कुडकुडतात. सप्टेंबर-ऑक्टोबर तिथे खरे उघडीपचे महिने.

आता तुमच्या किनाऱ्याकडे. एड्रियाटिक समुद्राच्या त्या भागात भरतीचा फरक फूटभराचाच, त्यामुळे भरतीचं घड्याळ विसरा. तुमच्याकडे दोन घड्याळं आहेत: वारा आणि क्रूझ जहाजं.

वाऱ्यांची तीन नावं पाठ करा, तिथले लोक दिवसभर तीच बोलतात. मायेस्त्राल हा चांगल्या हवेचा वारा. जमीन तापली की उशिरा सकाळी समुद्रावरून सुरू होतो, दुपारी जोर धरतो, सूर्यास्ताला पडतो. म्हणून लहान बोटीची कुठलीही फेरी सकाळचीच घ्यायची. दुपारी तीच बोट डुचमळते आणि आई-वडिलांना त्रास होतो. बुरा हा डोंगरावरून खाली कोसळणारा कोरडा, झटक्यांचा वारा. त्याचा जोर हिवाळ्यात जास्त, पण एरवीही एखाद्या दिवशी उठतो. आकाश लख्ख निळं असतं आणि तरी बोटी बंद असतात, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही. तिसरा युगो, आग्नेयेकडून येणारा, उबदार आणि ओला. तो एकदम येत नाही, दोन-तीन दिवसांत लाटा वाढवत नेतो. सप्टेंबरच्या शेवटाकडे याच्यावर लक्ष ठेवायला हवं.

हे वारे तिथल्या माणसांनी किती मनावर घेतलेत ते कोर्चुलाच्या जुन्या गावात दिसतं. मधली एक मुख्य वाट आणि तिला दोन्ही बाजूंनी माशाच्या काट्यांसारख्या फुटलेल्या गल्ल्या. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यातला मायेस्त्राल आत यावा. पूर्वेकडच्या किंचित वळवलेल्या, म्हणजे बुरा अडावा. आधी एका बाजूच्या गल्लीत उभं राहा, मग मुख्य वाट ओलांडून समोरच्या गल्लीत जा. वारं असेल तर गालाला फरक कळतो.

कोर्चुला ठेवा आणि ह्वार सोडा असं मी म्हणतोय त्यामागे एक अनुभव आहे. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, अकरा जणांचा गट, ह्वार गावात दोन रात्री. तिसऱ्या दिवशी सकाळच्या कॅटामरानने, म्हणजे वेगवान प्रवासी बोटीने, दुब्रॉव्हनिकला जायचं, तिथे एक रात्र, आणि चौथ्या दिवशी दुपारी विमान. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावरच्या होड्यांच्या दोऱ्या करकरायला लागल्या. सकाळी तिकीट खिडकीच्या काचेला आतून हाताने लिहिलेला कागद चिकटवला होता: आजची फेरी रद्द. खिडकीत माणूस नव्हता. दुपारचीही फेरी गेली नाही. चौथ्या दिवशी पहाटे चारला तीन टॅक्सी करून आम्ही बेटाच्या पूर्वेच्या टोकाला सुचुरायला गेलो. ऐंशीएक किलोमीटरचा अरुंद, वळणावळणाचा रस्ता, मागच्या गाडीत दोघांना उलट्या. तिथून गाड्या नेणाऱ्या जड फेरी बोटीने पलीकडे द्र्वेनिक, आणि पुढे भाड्याची व्हॅन. तेव्हा बॉस्नियाची हद्द टाळून नेणारा पेल्येशात्सचा पूल झाला नव्हता. नेउमला बॉस्नियाची हद्द आडवी यायची, अकरा पासपोर्ट दोनदा तपासले गेले. विमान मिळालं. पण दुब्रॉव्हनिकची तटबंदी त्या अकरा जणांनी वरच्या हमरस्त्यावरून, गाडीच्या खिडकीतून पाहिली. त्यातल्या दोघांना ती सहल परत करणं शक्य होणार नव्हतं. ते मला आजही लागतं, कारण चूक वाऱ्याची नव्हती. बेटावरचा मुक्काम मी विमानाच्या इतक्या जवळ ठेवायला नको होता.

तेव्हापासून माझे दोन नियम पक्के झाले. बेट नेहमी सहलीच्या मधोमध, शेवटचे दोन दिवस मुख्य भूमीवर. आणि बेट निवडताना तिथून बाहेर पडायची दुसरी वाट आधी शोधायची. कोर्चुला इथे जिंकतं. कॅटामरान बंद पडली तरी कोर्चुलाहून समोरच्या ओरेबिचला जाणारी गाड्यांची फेरी बोट असते. अंतर इतकं कमी की पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे. तिथून पेल्येशात्सच्या लांबट द्वीपकल्पावरून थेट दुब्रॉव्हनिकला रस्ता आहे, मध्ये परदेशाची हद्दही नाही. वाटेत स्टोन नावाचं गाव लागतं. मिठागरं आणि त्यांच्या राखणीसाठी डोंगरावर चढवलेली, काही किलोमीटर पसरलेली चौदाव्या शतकातली तटबंदी. वारा पडलेला असला तरी मी कधीकधी मुद्दाम याच वाटेने जातो.

ह्वारला जायचंच असेल तर एक खाचखळगा सांगून ठेवतो. प्रवासी कॅटामरान ह्वार गावात लागते, पण स्प्लिटहून येणारी गाड्यांची बोट स्तारी ग्रादला लागते, आणि ही दोन गावं वीसेक किलोमीटर दूर आहेत. हॉटेल एकीकडे आणि बोट दुसरीकडे, असं झालेली माणसं मी दरवर्षी पाहतो.

दुसरं घड्याळ क्रूझ जहाजांचं, आणि ते दुब्रॉव्हनिकमध्ये चालतं. जहाज साधारण सकाळी येतं, संध्याकाळी निघतं. मधल्या वेळात त्यातली हजारो माणसं तटबंदीच्या आतल्या एवढ्याशा गावात उतरतात. २०१९ पासून एका वेळी दोनच मोठी जहाजं, असा शहराचा प्रयत्न आहे. तरी दोन जहाजांच्या दिवशी दुपारी अकरा ते तीन मुख्य रस्त्यावर चालणं म्हणजे यात्रेतून वाट काढणं. कुठल्या दिवशी किती जहाजं लागणार हे बंदराच्या वेळापत्रकात आधीच जाहीर असतं. ते उघडून तुमच्या तीन दिवसांपैकी कमी गर्दीचा दिवस गावासाठी ठेवा, आणि जास्त जहाजांच्या दिवशी दुपारी समोरच्या लोक्रुम बेटावर निघून जा. बोटीने पंधरा मिनिटं, झाडांची सावली, बसायला बाकं.

आता दिवसांचा हिशेब. नऊ दिवस म्हणजे आठ रात्री, आणि लांबचा विमानप्रवास करून आल्यावर पहिला दिवस अर्धाच मिळतो. मुक्काम हलवण्याची किंमत लोक कमी धरतात. बोटीचा प्रवास दोन तासांचा असला तरी सामान भरणं, खोली सोडणं, धक्क्यावर आधी पोचणं, पलीकडे खोली मिळेपर्यंत थांबणं यांत पाच-सहा तास जातात. सत्तरीतल्या माणसांबरोबर तो दिवस गेलाच समजा. तुमच्या मूळ यादीप्रमाणे गेलात तर नऊ दिवसांत सहा-सात वेळा सामान बांधायला लागेल. मी दोनदाच बांधायला सांगतोय.

स्प्लिटला तीन रात्री. जुनं शहर म्हणजे रोमन सम्राट डायोक्लेशियनने निवृत्तीनंतर राहण्यासाठी इसवी सन ३०५ च्या सुमारास उभारलेला राजवाडा. तो संग्रहालय झालेला नाही, आजही त्याच्या भिंतींच्या आत माणसं राहतात. वर खिडकीत वाळत घातलेले कपडे आणि खाली रोमन खांब. तिथे सकाळी सातला जा, दुकानं उघडण्याआधी. फरशी झिजून गुळगुळीत झाली आहे, ओली असेल तर घसरते, वडिलांना रबरी तळाचे बूट हवेत. राहायची खोली मात्र राजवाड्याच्या आत घेऊ नका. जिने उभे आहेत आणि दारापर्यंत गाडी येत नाही. स्प्लिटची एक सोय अशी की बोटींचा धक्का, बस स्थानक आणि जुनं शहर एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे त्याच पट्ट्यात राहिलात की पुढचं सगळं चालत होतं.

तिसरा दिवस रिकामा ठेवा आणि हवा बघून ठरवा. शांत असेल तर त्रोगिर, तीसेक किलोमीटरवर, पुलांनी जोडलेलं इवलंसं बेट. तिथल्या कॅथेड्रलच्या दारावरचं १२४० सालचं दगडी कोरीवकाम जवळ उभं राहून पाहा. महिन्यामहिन्याची कामं करणारी माणसं त्यात कोरली आहेत. सगळा परिसर सपाट आहे, आई-वडील स्वतःच्या चालीने फिरू शकतात.

चौथ्या दिवशी सकाळच्या कॅटामरानने कोर्चुला, अडीच तासांच्या आसपास. दोन रात्री. इथे काही ‘करायचं’ नाही, आणि ते मी जाणूनबुजून ठेवलंय. सहलीच्या मध्यावर एक दिवस कुणालाही कुठेही पोचायची घाई नसली की पुढचे तीन दिवस पाय चालतात. सहाव्या दिवशी हवा बरी असेल तर कॅटामरान, नाहीतर ओरेबिचची वाट, आणि दुब्रॉव्हनिकला तीन रात्री. कॅटामरान आणि क्रूझ दोन्ही ग्रूझ बंदरात लागतात. जुनं शहर तिथून तीनेक किलोमीटरवर आहे, चालत जाऊ असं ठरवू नका. खोली लापाड किंवा ग्रूझच्या सपाट भागात, बसच्या थांब्याजवळ घ्या.

दुब्रॉव्हनिकच्या तटावरून चालणं हा तिथला गाभा, पण तो सगळ्यांसाठी नाही. १,९४० मीटरचा फेरा, एकाच दिशेने चालायचा, पायऱ्या भरपूर, सावली जवळजवळ नाही, आणि बाहेर पडायच्या जागा दोन-तीनच. मध्येच गुडघा बोलायला लागला तर पुढच्या दारापर्यंत जाण्यावाचून इलाज नसतो. तुम्ही दोघं सकाळी उघडल्या उघडल्या जा. वरून कौलं नीट पाहा: काही फिकट, वाळलेल्या पानासारखी, आणि बहुतेक भडक नारिंगी. भडक आहेत ती १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळ्यांनी छपरं उद्ध्वस्त झाल्यावर बसवलेली. शहराला काय सोसावं लागलं ते त्या रंगांवरून कळतं. आई-वडिलांनी तोवर खाली मुख्य रस्त्यावर बसावं. तीनेकशे मीटरचा पूर्ण सपाट, चकचकीत दगडाचा रस्ता आहे तो. आणि संध्याकाळी चौघांनी मिळून रोपवेने स्र्ज डोंगरावर जा, ४१२ मीटर उंच. तटावरून दिसतं त्याहून जास्त तिथून दिसतं, पाय न दुखता. सप्टेंबरच्या त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो, तेव्हा सहाच्या आत वर पोचा. जोराचा वारा असेल तर रोपवे बंद राहतो, म्हणून हे काम पहिल्या संध्याकाळीच उरका, शेवटच्या संध्याकाळसाठी राखू नका.

भाड्याची गाडी घ्यावी का, हा पुढचा प्रश्न येणारच. या मार्गावर नको. कॅटामरान गाडी नेत नाही, जुन्या शहरांत गाडी शिरत नाही, आणि एका शहरात घेऊन दुसऱ्यात सोडायचे जादा पैसे लागतात. ओरेबिचच्या वाटेने जायची वेळ आली तर त्या दिवसापुरता गाडीवाला ठरवा.

रस्त्याने प्रवास असलेल्या कुठल्याही किनारी सहलीत मात्र दिशा ठरवून घ्या. समुद्राच्या बाजूच्या लेनमध्ये तुमची गाडी असली पाहिजे. ऑस्ट्रेलियात वाहनं डावीकडून चालतात, म्हणून ग्रेट ओशन रोडवर मेलबर्नच्या बाजूने पश्चिमेकडे जायचं. कॅलिफोर्नियात उजवीकडून, म्हणून हायवे वनवर उत्तरेकडून दक्षिणेकडे. उलट गेलात तर प्रत्येक थांब्यासाठी समोरून येणारी वाहनं कापावी लागतात आणि समुद्र पलीकडच्या लेनच्या मागे राहतो. व्हिएतनाममध्ये ह्युएहून दा नांगला रेल्वेने जाताना डावीकडची खिडकी घ्या, तो डोंगर आणि समुद्र यांच्या मधून जाणारा टप्पा उजव्या खिडकीतून वायाच जातो. स्प्लिटहून दुब्रॉव्हनिककडे बसने जाताना समुद्र उजवीकडे असतो. आणि शक्य असेल तिथे एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतीचं विमान घ्या. किनारा ही रेघ आहे. सुरुवातीच्या शहरात परत यायचं ठरवलंत की एक अख्खा दिवस पाहिलेला रस्ता पुन्हा पाहण्यात जातो.

आरक्षणाचा क्रम: आधी विमान, मग लगेच कोर्चुलातली खोली, कारण बेटावर जागा कमी. मग कॅटामरानची तिकिटं विक्रीला आली की ती. बोटींचं वेळापत्रक हंगामागणिक बदलतं, सप्टेंबरच्या मध्यानंतर काही फेऱ्या कमी होतात, तेव्हा गेल्या वर्षीच्या वेळांवर विसंबू नका. स्प्लिट आणि दुब्रॉव्हनिकची हॉटेलं सगळ्यात शेवटी, आणि रद्द करता येतील अशीच.

राहिलेल्या नावांचा निकाल लावतो. झाग्रेब किनाऱ्यावर नाही, त्याची वेगळी सहल होते. प्लिटवित्सेचे तलाव सुंदर आहेत यात शंका नाही, पण स्प्लिटहून एका बाजूला अडीच-तीन तास आणि तिथे पोचल्यावर लाकडी फळ्यांच्या वाटांवर चढउतार. आई-वडिलांसाठी तो दिवस फार होईल. कोटोर दुब्रॉव्हनिकहून एका दिवसात होतं, पण नकाशावर जवळ वाटलं तरी मध्ये सरहद्द आहे आणि तिथे रांग लागते. शिवाय १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत आहे, मॉन्टेनेग्रो नाही. तुमचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर कोटोर पाहून परत आत येता येणार नाही. अनेक प्रवेशांचा असेल तरच विचार करा, आणि तोही आठव्या दिवशी नको, सातव्या दिवशी.

झादार सोडायला मात्र माझा हात धजत नाही. तिथे समुद्राकाठच्या रुंद दगडी पायऱ्यांच्या आत नळ्या बसवल्या आहेत, ३५ नळ्या, वास्तुरचनाकार निकोला बाशिच यांनी २००५ मध्ये केलेलं हे काम. लाट आली की पाणी नळीतली हवा ढकलतं आणि पायरीतल्या छिद्रातून सूर निघतो. वाजवणारा कुणी नाही. वारा पडला असेल तर मंद, लांबलेले सूर. एखादी मोठी बोट लांबून गेली की तिच्या लाटा काठाला पोचायला थोडा वेळ लागतो, बोट दिसेनाशी झाल्यावर सूर अचानक भरतो. आई-वडिलांना पायरीवर बसून राहण्यापलीकडे काहीच करावं लागत नाही. तेव्हा विमान झादारला उतरणारं मिळालं, तर पहिली रात्र तिथे काढा, दुसऱ्या दिवशी उशिरा सकाळच्या बसने स्प्लिटला या आणि स्प्लिटच्या तीन रात्रींतली एक कमी करा. सामान एकदा जास्त बांधावं लागेल, त्रोगिरही बहुधा जाईल. मी हा बदल करीन.